स्लो कुकरमधला चिकन स्ट्यू पानचट का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी सगळं साहित्य कच्चंच स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन् तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात भरलं, ‘लो’वर आठ तास ठेवलं. संध्याकाळी झाकण उघडलं तर चिकन ब्रेस्टचे दोरे दोरे झालेले, बटाटा मात्र दाताखाली करकरतोय आणि रस्सा पाण्यासारखा. चुकलं कुठे, आणि नेमके किती तास ठेवायचं?

तासांचे आकडे खाली देतेच, पण नुसत्या त्यांनी तुमचा स्ट्यू सुधारणार नाही. तुमच्या एकाच भांड्यात दोन उलट तक्रारी आहेत. चिकन जास्त शिजलं आणि बटाटा कमी शिजला. वेळ कमी केलात तर बटाटा आणखी कच्चा राहील, वाढवलात तर चिकनचा चोथा होईल. म्हणजे खोट वेळेत नाही. मला वाटतं, गॅसवरच्या स्ट्यूची कृती तुम्ही जशीच्या तशी स्लो कुकरमध्ये उतरवलीत. गॅसवरच्या पातेल्यात चार कामं होतात. चिकन आणि कांदा तांबूस होतो, सगळं शिजतं, जास्तीचं पाणी आटतं आणि शेवटी आपण चव बघून काय कमी-जास्त ते करतो. स्लो कुकर यातलं फक्त शिजवण्याचं काम करतो, आणि ते फार छान करतो. बाकीची तीन कामं त्याच्या आधी किंवा नंतर आपल्यालाच करावी लागतात. मी चौदा वर्षं स्वयंपाक शिकवते आहे. स्लो कुकर घेतला आणि मग कपाटात गेला असं सांगणाऱ्यांशी बोलताना बहुतेक वेळा अडचण हीच निघते.

काही गोष्टी मात्र तुमच्या भांड्यावर अवलंबून आहेत. तुमचा कुकर किती लिटरचा, तो किती भरता, किती जुना आहे, चिकन हाडासकट आहे की बोनलेस, यावर वेळ एखाद्या तासाने सहज इकडेतिकडे होतो. त्यामुळे माझे आकडे सुरुवात म्हणून घ्या आणि पहिल्या दोन-तीन खेपांत आपल्या कुकरचा स्वभाव टिपून ठेवा.

आधी भांडं समजून घेऊ. अर्विंग नॅक्सन यांना अशा भांड्याचं अमेरिकन पेटंट १९४० साली मिळालं, आणि मूळ रचना आजही बरीचशी तीच आहे. आत जाड भांडं आणि त्याच्या भोवतीनं तापणारी तार. पुष्कळांना वाटतं, ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त. बहुतेक कुकरमध्ये दोन्हीकडे रस्सा शेवटी उकळीच्या जरा अलीकडेच, ९० ते ९९ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. फरक पडतो तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळात. ‘हाय’वर ते तीन-चार तासांत होतं, ‘लो’वर सहा ते आठ. तुमच्या ब्रेस्टचं काय झालं ते यातून कळतं. चिकन ७४ अंशांना खायला सुरक्षित होतं. ब्रेस्टमध्ये चरबी फारशी नाही आणि चिवट पडदेही जवळजवळ नाहीत, त्यामुळे त्यापुढे त्याचे तंतू फक्त आकसत जातात आणि आतला रस बाहेर टाकतात. भोवती रस्सा असला तरी मांस आतून कोरडं पडतं. आठ तासांत ते ७४ च्या कितीतरी पुढे गेलं आणि तासन् तास तिथेच राहिलं.

मांडीचं मांस याच्या अगदी उलट वागतं. त्यात चरबी असते, आणि हाडाजवळ ते पांढरे चिवट पडदे असतात. त्यांच्यातलं कोलॅजन साधारण ७० अंशांपुढे हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. तेच जिलेटिन रश्शाला तो ओठांना चिकटणारा गुण देतं. ७४ अंशांना उतरवलेली मांडी खाता येते, पण जरा रबरासारखी लागते. तीच ८५-९० पर्यंत जाऊन तिथे थोडी रेंगाळली की काट्यानं हाडापासून आपोआप सुटते. म्हणून स्लो कुकरसाठी माझी निवड ठरलेली आहे: हाडासकट मांड्या, किंवा मांडी आणि तंगडी एकत्र असलेले पूर्ण पाय. तुम्हाला ब्रेस्टच हवं असेल तर ते अख्खं ठेवा, भाज्या अर्ध्याहून जास्त शिजल्यावर वर ठेवा आणि ‘लो’वर अडीच-तीन तासांत थर्मामीटरनं तपासून ७४ झालं की बाहेर काढा. पण मग सकाळी लावून निघून जाण्याची सोय राहत नाही.

आता बटाटा. ही गोष्ट बहुतेकांना पटत नाही, पण स्लो कुकरमध्ये भाज्या चिकनपेक्षा उशिरा शिजतात. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांच्या आसपास कुठे नीट सैल व्हायला लागतं. चिकन ७४ ला शिजून मोकळं होतं तेव्हा बटाट्याचं काम सुरूही झालेलं नसतं. गॅसवर हे जाणवत नाही, कारण तिथे दहा मिनिटांत सगळंच उकळतं. ‘लो’वर ७० ते ८५ हा टप्पा गाठायलाच तास-दोन तास जातात. त्यात चिकन खाली आणि बटाटा वर असा भरला असेल तर बटाट्याला उष्णता सर्वांत शेवटी पोचते. तो रश्शाच्या बाहेर डोकावत असेल तर आणखीच उशीर.

दुसरा दोष आंबटपणाचा. तुम्ही लिहिलंय की तीन टोमॅटो चिरून घातले. आंबट रसात पेक्टिन लवकर सुटत नाही, भाजी ताठ राहते. वर्गात मी हे शेजारी शेजारी दोन कुकर लावून दाखवते. एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी, एकात साधा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी), दुसऱ्यात स्टॉक आणि टोमॅटोचा गर. ‘हाय’वर चार तासांनी पहिल्यातल्या फोडीत सुरी टेकवली की आत जाते. दुसऱ्यातली फोड बाहेरून शिजल्यासारखी दिसते, पण सुरी मध्यावर अडते आणि दाबलं की फोड दोन तुकडे होऊन घसरते. हे एकदा हातानं अनुभवलं की टोमॅटो कधी घालायचा हे पुन्हा सांगावं लागत नाही. मी टोमॅटो चिरून घालतच नाही. चमचाभर टोमॅटो पेस्ट कांद्याबरोबर परतून घेते, आंबटपणा हवा असेल तर लिंबू शेवटी.

तेव्हा भाज्या तळाशी आणि कडेनं, जिथे तापणारी भिंत आहे तिथे, आणि चिकन वर. बटाट्याच्या फोडी दोन-अडीच सेंटिमीटरच्या, गाजर त्याहून थोडं बारीक, कारण गाजर बटाट्यापेक्षाही हट्टी असतं. बटाटा शिजल्यावर भुगा न होणारा, घट्ट गराचा घ्या. पिठूळ बटाटा विरघळून जातो. तेही काही वेळा कामाचं असतं, ते पुढे सांगते.

पाण्याचं गणित तर सगळ्यात सोपं आहे आणि तरी सगळे तिथेच फसतात. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जात नाही. ती झाकणाला लागते, थेंब होते आणि परत आत पडते. शिवाय चिकन, कांदा, मशरूम सगळ्यांना पाणी सुटतं. तुम्ही लिटरभर स्टॉक घातलात, तो संध्याकाळी सव्वा लिटर तरी झाला असणार. गॅसच्या कृतीत जेवढं पाणी लिहिलेलं असतं त्याच्या निम्मंच इथे घ्या. भरताना चिकन अर्धं बाहेर दिसेल, काळजी करू नका. भाज्या जेमतेम बुडाल्या की पुरे.

मी स्वतः कशी करते ते आता सांगते. प्रमाण साडेचार-पाच लिटरच्या कुकरचं आहे, पाच-सहा जणांना पुरतं. हाडासकट मांड्या ८, म्हणजे साधारण १.२ किलो. बटाटे ५०० ग्रॅम, गाजरं ३०० ग्रॅम, कांदे दोन मोठे, मशरूम २०० ग्रॅम, लसणाच्या सहा पाकळ्या, टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा, मैदा तीन मोठे चमचे, लोणी दोन मोठे चमचे, स्टॉक ४०० मिली, वाळलेलं थाईम एक छोटा चमचा, तमालपत्रं दोन, मिरी. वाटाणे हवेत तर वाटीभर. एवढ्यानं भांडं दोन तृतीयांशापर्यंत भरतं, आणि ते तसंच भरायला हवं. निम्म्याहून कमी भरलेला कुकर लवकर तापून कडेनं करपवतो, काठोकाठ भरलेला तापतच नाही.

मांड्यांना दोन छोटे चमचे मीठ आणि मिरी लावून जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. नाहीच जमलं तर अर्धा तास तरी. मग कागदानं पुसून अगदी कोरड्या करते. जाड बुडाच्या कढईत थोडं तेल तापवून स्किनची बाजू खाली ठेवते आणि सहा-सात मिनिटं हात लावत नाही. सुरुवातीला स्किन कढईला चिकटते, ओढली तर फाटते. नीट खरपूस झाली की ती स्वतःहून सुटते, तेव्हाच उलटायची. दुसरी बाजू दोन मिनिटं. आतून चिकन कच्चंच असतं, ते तसंच हवं. फक्त हे अर्धकच्चं चिकन बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागायचं नाही, पुढचं सगळं लगेच व्हायला हवं.

हे काम वगळता येईल का, असं मला नेहमी विचारतात. वगळलं तरी स्ट्यू होतो, पण तुम्ही ज्याला ‘चव नाही’ म्हणता ती चव इथेच तयार होते. मांस तांबूस व्हायला, तो भाजका खमंगपणा यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. ज्या भांड्यात पाणी आहे तिथे १०० च्या वर काही जाणारच नाही, मग आठ तास ठेवा नाहीतर अठरा. वेळ खरंच नसेल आणि एकच गोष्ट परतायला जमणार असेल, तर मी चिकन सोडेन आणि कांदा परतेन. कच्चा कांदा बंद भांड्यात शिजला की त्याचा उग्र, उकडल्यासारखा वास सगळ्या रश्शाला लागतो आणि तो कशानंच जात नाही.

मांड्या काढल्यावर स्किन ओढून टाकते, कारण ओल्या वाफेत ती लिबलिबीत होते. तिचं काम चरबी सोडण्याचं होतं, ते झालं. त्याच चरबीत मशरूम मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतून बाजूला काढते. मग लोणी आणि कांदा. कांदा कडेनं तपकिरी झाला की लसूण, टोमॅटो पेस्ट, थाईम. पेस्ट लालभडक असते ती विटेसारखी गडद झाली की मैदा भुरभुरवून दोन मिनिटं परतते. आता स्टॉक, थोडा थोडा. पहिली वाटीभर पडली की कढईच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर फुगून सैल होतो. लाकडी उलथण्यानं तो खरवडून घ्या, सगळा. मला या सगळ्या कृतीतला सर्वांत आवडता क्षण हाच आहे. पांढरट दिसणारा स्टॉक अर्ध्या मिनिटात तांबूस होतो आणि वास बदलतो. उरलेला स्टॉक घालून एक उकळी आणा. रस्सा चमच्याला पातळसा लेप धरेल इतपत दाट दिसेल, आणि हा उकळता रस्सा कुकरमध्ये गेला की तापायचा पहिला तासभर वाचतो. फक्त कुकरचं आतलं भांडं फ्रीजमधून काढलेलं थंडगार नसावं, नाहीतर तडा जायची भीती.

भरायचा क्रम: तळाशी बटाटे-गाजर चिमूटभर मीठ लावून, त्यावर मशरूम आणि रस्सा, तमालपत्रं, सर्वांत वर मांड्या. पहिला तास ‘हाय’, नंतर ‘लो’वर साडेचार-पाच तास. सगळं ‘हाय’वर करायचं तर साडेतीन-चार तास. आणि झाकण उघडू नका. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि भांडं परत तिथवर यायला वीस ते तीस मिनिटं खातं. मी पाचव्या तासाच्या शेवटी पहिल्यांदा उघडते, आणि चिकन नाही, गाजर टोचून बघते. गाजर मऊ झालं तर बाकी सगळं झालेलं असतं.

नंतरची पंधरा-वीस मिनिटं मात्र कुकरजवळ उभं राहायचं. मांड्या ताटलीत काढा. रस्सा पाच मिनिटं स्थिर राहू द्या, वर तवंग येईल तो पळीनं काढा. वाटाणे आता घाला, झाकण लावा. रस्सा पातळ वाटला तर तीन उपाय आहेत. बटाट्याच्या पाच-सहा फोडी काढून कुस्करून परत मिसळायच्या, इथे पिठूळ बटाटा कामाला येतो. किंवा दोन-तीन पळ्या रस्सा पसरट पातेल्यात काढून गॅसवर खदखदवून निम्मा करायचा आणि परत ओतायचा, यानं चवही एकवटते आणि मी बहुतेकदा हेच करते. किंवा कॉर्नफ्लोरचे दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून, गॅसवर उकळत्या रश्शात घालून मिनिटभर ढवळायचं. कॉर्नफ्लोर सुरुवातीला घालू नका, तासन् तास तापत राहिलं तर त्याचा दाटपणा परत सुटतो. मैदा त्या मानानं बराच टिकतो, म्हणून तो आधी.

क्रीम किंवा दूध घालणार असाल तर तेही शेवटी. दूध इतका वेळ तापलं की फुटतं. घट्ट क्रीम अर्धी वाटी, कुकर बंद केल्यावर. मांस हाडावरून मोठ्या तुकड्यांत सोडवून परत रश्शात घाला. मग चव बघा. लांब शिजलेल्या रश्शाची चव गोडसर आणि बोथट होते, लसणाचा तिखटपणा जातो, थाईम मागे पडतं. आधी मीठ, मग मिरी, मग अर्ध्या लिंबाचा रस, वरून ताजी चिरलेली पार्स्ली किंवा कोथिंबीर. लिंबू घालण्याआधीचा एक चमचा आणि नंतरचा एक चमचा चाखून बघा. अर्धं लिंबू काय करतं ते तेव्हाच कळेल.

तुम्ही नऊ तास घराबाहेर असता असं लिहिलंय, तर त्याचं वेगळं सांगते. परतण्याचं काम आदल्या रात्री करायचं असेल तर फक्त कांद्याचा रस्सा करून ठेवा, पटकन गार करून फ्रीजमध्ये. चिकन अर्धवट परतून रात्रभर ठेवू नका. सकाळी रस्सा गॅसवर उकळून घ्या, चिकन परता, भरा. कुकरला टायमर असेल तर ‘लो’वर सहा तासांनी तो आपोआप ‘वॉर्म’वर, म्हणजे नुसतं गरम ठेवण्यावर जाईल असं लावा, आणि घरी आल्यावर रस्सा ६० अंशांच्या वर आहे ना ते बघा. टायमर नसेल तर पूर्ण पाय वापरा, बटाट्याच्या फोडी मोठ्या ठेवा आणि ‘लो’वर आठ-नऊ तास चालतील. मांस हाडावरून पूर्ण सुटलेलं मिळेल, पण कोरडं नसेल. उशिरा सुरू होणारा टायमर मात्र कच्च्या चिकनसाठी वापरू नका. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, आणि कच्चं चिकन बंद कुकरमध्ये तीन तास वाट बघत बसणं म्हणजे त्यांना मोकळं रान. गोठलेलं चिकन थेट घालू नका तेही याच कारणानं, आदल्या दिवशी फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा.

कुकर जुना असेल आणि बटाटा वरचं सगळं पाळूनही कच्चा राहिला, तर एकदा त्याची परीक्षा घ्या. अर्धा पाण्यानं भरून ‘लो’वर आठ तास ठेवा आणि झाकण काढताक्षणी तापमान मोजा. निदान ८५ अंश यायला हवं. ८५ च्या खाली असेल तर तो कुकर मांसासाठी वापरू नका.

स्ट्यू पोटभरीचा व्हावा म्हणून राजमा घालू का, हेही तुम्ही विचारलंय. घाला, पण कच्चा राजमा थेट कुकरमध्ये कधीही नाही. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते ८० अंशांसारख्या मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट जास्त त्रासदायक ठरतं. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळवा. दहा मिनिटं हे अगदी किमान, मी अर्धा तास उकळते. मगच तो कुकरमध्ये. डब्यातला शिजवलेला असेल तर प्रश्न नाही, तो वाटाण्यांबरोबर घाला.

उरलेला स्ट्यू दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चांगला राहतो आणि दुसऱ्या दिवशी गार असताना जिलेटिनमुळे थलथलीत घट्ट दिसतो, ते चांगलं लक्षण आहे. तो गरम करायचा गॅसवर, उकळी येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये गार अन्न तापायला फार वेळ घेतं, त्यासाठी तो वापरू नका.

आणि वाढायच्या आधी एक काम. मांड्या इतक्या मऊ होतात की हाडं आणि कूर्चेचे बारीक तुकडे रश्शात निसटतात. आठ मांड्या घातल्या असतील तर आठ हाडं आणि दोन तमालपत्रं ताटलीत मोजून काढा, मगच पहिली वाटी भरा.